शरीर विसरत नाही



या मालिकेत आतापर्यंत आपण लढाया, मोहिमा आणि सेनापती यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब आज रस्ता चुकले. रस्ता चुकलेलो नाही. आजची गोष्टही बरीचशी युद्धातूनच निघालेली आहे. फक्त रणभूमी माणसाच्या शरीरातली आहे, आणि त्यातली एक छोटी चकमक माझ्या घरात झाली.

२०१८ च्या जून महिन्यातली गोष्ट. माझ्या पत्नीच्या दोन्ही किडन्या मधुमेहानं निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस चालू होतं. आम्ही निवृत्तीनंतर बेंगळुरूत स्थायिक झालेलो. मी माझी एक किडनी तिला द्यायची, हे घरात ठरलं होतं. तिचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, माझाही तोच. माझ्या सगळ्या तपासण्या उत्तम आल्या. मला वाटलं, काम झालं.

मग डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, "सर, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला आहे." पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच असणार, असं समजून मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावलं, की माझ्या पत्नीच्या रक्तात माझ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, आधीपासून तयार आहेत. किडनी बसवली, तर ती काही तासांत काळी पडू शकते.

मी विचारलं, "माझ्याविरुद्ध? आधीपासून? माझी किडनी तर तिनं अजून पाहिलीही नाही."

डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्हाला मुलं किती?"

दोन. तेव्हा कळलं, की प्रत्येक मुलाच्या अंगात अर्ध्या खुणा बापाच्या असतात. गरोदरपणात आणि बाळंतपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात मिसळतात. आईचं शरीर त्या परक्या खुणा टिपून ठेवतं. त्यात आमच्या धाकट्याच्या वेळी, १९८९ साली, आम्ही ईशान्येकडे होतो. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला. रक्तपेढी जवळपास नव्हती. माझ्या पलटणीतल्या तीन जवानांनी रक्त दिलं. एक साताऱ्याकडचा, एक चंदगडचा, एक निपाणीचा. त्या तीन बाटल्यांनी तिचा जीव वाचला. त्याच तीन बाटल्यांची आठवणही तिच्या शरीरानं जपून ठेवली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर पत्नीला हे सांगितलं. ती म्हणाली, "अहो, म्हणजे माझं शरीर तीस वर्षं तुम्हाला नको म्हणतंय, आणि मला आज कळतंय!" आम्ही दोघंही हसलो. पण त्या रात्री झोप आली नाही. सैनिकाची सवय अशी, की शत्रू समजला की त्याचा इतिहास वाचायला घ्यायचा. मी वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात : रक्त का भांडतं?

१९०१ साली व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवलं, की एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळलं की कधी ते शांत राहतं, कधी त्याच्या गुठळ्या होतात. यातून आपले ए, बी, ओ हे गट आले. पुढे १९३० साली त्यांना नोबेल मिळालं. गुठळ्या होतात त्या प्रतिपिंडांमुळे. ए गटाच्या माणसात बी विरुद्ध, बी गटाच्या माणसात ए विरुद्ध प्रतिपिंडं जन्मानंतर काही महिन्यांतच तयार होऊ लागतात.

यात आपल्या सैनिकांचाही एक धागा आहे. पहिल्या महायुद्धात सालोनिका आघाडीवर लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या डॉक्टर जोडप्यानं अनेक देशांच्या हजारो सैनिकांचं रक्त तपासलं. त्यात हिंदी सैनिक होते. १९१९ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. हिंदी सैनिकांत बी गटाचं प्रमाण त्यांना सर्वांत जास्त आढळलं. आम्ही दोघंही बी गटाचे, त्यामुळे हे वाचून मला उगाचच आपले पूर्वज भेटल्यासारखं झालं.

दुसरा धागा थेट मुंबईचा. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना असे रुग्ण सापडले, ज्यांना कोणाचंच रक्त चालेना. साधारणपणे ओ गटाचं रक्त सगळ्यांना चालतं, पण यांना तेही चालेना. लंडनच्या तज्ज्ञांबरोबर त्यांनी हा शोध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला आणि तो रक्तगट जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जाऊ लागला. शहराचं नाव पुढे मुंबई झालं, रक्तगटाचं बॉम्बेच राहिलं. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो एच नावाचा पायाच या लोकांत नसतो. म्हणून बाकी सगळ्या जगाच्या रक्ताविरुद्ध त्यांच्याकडे प्रतिपिंडं असतात. भारतात साधारण १०,००० माणसांत एक असा मानतात, युरोपात दहा लाखांत एक. अशा रक्तदात्यांची यादी ठेवून गरजूंशी जोडून देण्याचं काम आमच्या बेंगळुरूतली संकल्प इंडिया फाउंडेशन ही संस्था करते.

बॉम्बे गटाच्या माणसाला उपाय एकच, आपल्याच गटाचा दाता शोधायचा. प्रतिपिंडांसमोर वैद्यकशास्त्राची पहिली रणनीती हीच होती. शत्रूच्या वाटेला जायचं नाही, वळसा घालायचा.

दुसरं महायुद्ध : भाजलेली कातडी

वळसा घालून भागेना, ते दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये ऑक्सफर्डला पीटर मेडावर यांच्या घराजवळ एक विमान कोसळलं. भाजलेल्या वैमानिकाला कातडी कुठून आणायची, हा प्रश्न डॉक्टरांनी या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला विचारला. पुढे ग्लासगोच्या रुग्णालयात थॉमस गिब्सन या शल्यचिकित्सकाबरोबर त्यांनी एका भाजलेल्या बाईवर तिच्या भावाच्या कातडीचे छोटे तुकडे लावून पाहिले. काही दिवसांत ते गळले. मग त्याच भावाच्या कातडीचे दुसऱ्यांदा लावले. ते पहिल्यापेक्षा लवकर गळले.

हे 'लवकर' महत्त्वाचं आहे. त्याचा अर्थ असा, की शरीर पहिल्या भेटीत ओळख करून घेतं आणि दुसऱ्या भेटीत तयारीनं उभं राहतं. १९४३ साली हे छापून आलं आणि १९६० साली मेडावर यांना नोबेल मिळालं.

पांढऱ्या पेशींवरच्या खुणांचा शोधही एका लष्करी डॉक्टरानं लावला. फ्रान्सचे जाँ दोसे युद्धात उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर जखमींना रक्त देत होते. पुढे पॅरिसमध्ये त्यांना दिसलं, की ज्यांना अनेकदा रक्त दिलं गेलं, त्यांच्या रक्तात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं असतात. १९५८ साली त्यांनी अशी पहिली खूण ओळखली. त्याच वर्षी अमेरिकेत रोझ पेन आणि हॉलंडमध्ये यान फान रूड यांनी दाखवलं, की अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तातही तशीच प्रतिपिंडं असतात. या खुणांना आज आपण एचएलए म्हणतो. दोसे यांना १९८० चं नोबेल मिळालं. माझ्या पत्नीच्या रिपोर्टवर जे काही लिहिलं होतं, त्याचं मूळ १९५८ च्या या तीन शोधांत आहे. रक्त आणि बाळंतपण, दोन्ही वाटा तिथेच सापडल्या.

एक हवाई हल्ला आणि एक औषध

आता औषधांकडे वळू. इथं लष्करी इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला थोडं थांबावंसं वाटतं.

२ डिसेंबर १९४३. इटलीतलं बारी बंदर. आठव्या ब्रिटिश सेनेची रसद या बंदरातून जात होती. त्या सेनेतली आठवी हिंदी डिव्हिजन, आणि तिच्यात आपली मराठा पलटण, त्या दिवसांत उत्तरेला सांग्रो नदीच्या मुलखात लढत होती. संध्याकाळी जर्मन विमानांनी बारीवर अचानक हल्ला केला. अनेक जहाजं बुडाली. त्यात 'जॉन हार्वे' नावाचं एक अमेरिकन जहाज होतं. त्यात २,००० मस्टर्ड गॅसचे बॉम्ब होते. जर्मनांनी गॅस वापरला, तर उत्तर द्यायला म्हणून ते गुपचूप आणले होते. ही गोष्ट इतकी गुप्त होती, की रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही सांगितली गेली नाही. तेलात आणि विषात भिजलेले खलाशी ओल्या कपड्यांतच तासन् तास बसून राहिले. सहाशेहून अधिक जण रुग्णालयात दाखल झाले, त्यांतले ऐंशीहून अधिक दगावले. गावातल्या सामान्य माणसांचा हिशेब वेगळाच.

चौकशीला आलेले लेफ्टनंट कर्नल स्ट्यूअर्ट अलेक्झांडर यांनी नोंद केली, की या रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी होत जातात. हीच गोष्ट पहिल्या महायुद्धातल्या गॅसबाधितांतही दिसली होती. आणि १९४२ पासून अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन हे याच विषाचा चुलतभाऊ असलेल्या नायट्रोजन मस्टर्डचा प्रयोग गुप्तपणे एका कर्करोगाच्या रुग्णावर करून पाहत होते. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये ते जाहीर झालं. या घराण्यातूनच १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत सायक्लोफॉस्फमाइड हे औषध आलं. ते आजही कर्करोगात, सांध्यांच्या आणि किडनीच्या आजारांत, आणि मज्जा प्रत्यारोपणात वापरतात.

शस्त्राचं औषध झालं, असं म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे. पण ते औषध आजही शस्त्रच आहे. ते शत्रू-मित्र पाहत नाही. मात्रा चुकली, तर आपल्याच फौजेला मारतं. हे विसरणाऱ्यानं ते हाताळू नये.

बॉस्टनचे ससे

१९५४ च्या २३ डिसेंबरला बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका भावाची किडनी दुसऱ्या भावाला बसवली आणि ती चालली. मरे हेही युद्धकाळात लष्करी रुग्णालयात भाजलेल्या सैनिकांवर उपचार केलेले शल्यचिकित्सक. पण ते दोघे भाऊ एकसारखे जुळे होते. एकाच्या खुणा म्हणजेच दुसऱ्याच्या खुणा. इतरांचं काय?

उत्तर बॉस्टनमध्येच मिळालं. रॉबर्ट श्वार्ट्झ आणि विल्यम डॅमेशेक या रक्तरोगतज्ज्ञांनी १९५८-५९ साली सशांना परकं प्रथिन टोचलं आणि जोडीला सिक्स-मर्कॅप्टोप्युरिन हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध दिलं. औषध मिळालेल्या सशांत त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. म्हणजे प्रतिपिंडांना औषधानं आवरता येतं, हे कळलं. लंडनचे रॉय काल्न यांनी तेच औषध किडनी बदललेल्या कुत्र्यांना दिलं आणि ते जास्त दिवस जगले. मूळ औषध तयार करणाऱ्या जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी मग त्याचं सुधारित रूप काढलं, ॲझाथायोप्रिन. १९६२ मध्ये नात्याबाहेरच्या माणसाची किडनी या औषधाच्या जोरावर वर्षाहून अधिक चालली. त्याला स्टिरॉइडची जोड मिळाली आणि दहा वर्षांत प्रत्यारोपण जगभर पसरलं. आपल्याकडे १९६५ साली मुंबईच्या केईएममध्ये पहिला प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याच्या किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं. मज्जेच्या बाबतीत पहिला मान मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा. १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी ते केलं. पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेला हा डॉक्टर तिथवर पोहोचला, ही एका स्वतंत्र भागाची गोष्ट आहे.

पण एक कोडं राहिलं होतं. काही किडन्या टाके घालून होईपर्यंतच मरत. याचं उत्तर पॉल तेरासाकी यांनी दिलं. हे जपानी वंशाचे अमेरिकन. युद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा शाळकरी तेरासाकी ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या छावणीत होते. चेहऱ्यावरून परके ठरवले गेलेले. पुढे त्यांनी आयुष्यभर शरीर परकं कसं ठरवतं, याचाच अभ्यास केला. १९६९ साली पटेल आणि तेरासाकी यांनी २२५ प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असलेल्या ३० जणांपैकी २४ जणांच्या किडन्या लगेच गेल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांत फक्त ८. त्या दिवसापासून क्रॉसमॅच ही प्रत्यारोपणाची चौकी झाली. पॉझिटिव्ह असेल, तर पुढे जायचं नाही.

आमचा रस्ता याच चौकीवर अडला होता.

रक्त द्यावं की देऊ नये?

१९७० च्या दशकात इतिहासानं एक विचित्र वळण घेतलं. १९७३ साली ओपेल्झ, तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आधी रक्त मिळालेल्या रुग्णांत, म्हणजे ज्यांना क्रॉसमॅचची चौकी ओलांडता आली त्यांच्यात, किडनी उलट जास्त टिकते. मग डॉक्टर मुद्दाम रक्त देऊ लागले. काही ठिकाणी तर दात्याचंच रक्त आधी रुग्णाला देत. फायदा दिसे, पण काही रुग्णांत त्याच दात्याविरुद्ध प्रतिपिंडं उठत आणि तो दाताच बाद होई. यावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सेंट लुइसच्या डॉक्टरांनी तोड काढली. रक्त देताना सोबत ॲझाथायोप्रिन द्यायचं. त्यानं अशी प्रतिपिंडं उठण्याचं प्रमाण कमी झालं. ओळख तर करून द्यायची, पण भांडण होऊ द्यायचं नाही, अशी ती युक्ती.

पुढे सायक्लोस्पोरिन आलं. नॉर्वेच्या एका पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून मिळालेलं हे औषध १९८३ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. किडन्या त्यानं इतक्या चांगल्या टिकू लागल्या, की रक्त देण्याचा फायदा उरला नाही, तोटा मात्र उरला. आज किडनीच्या रुग्णाला शक्यतो रक्त न देता रक्त वाढवणारी इंजेक्शनं देतात, ते यामुळेच.

मला यातून एक धडा मिळाला. वैद्यकशास्त्रातही कालची युक्ती आजची चूक ठरू शकते, म्हणून कालच्या डॉक्टरांना मूर्ख म्हणू नये. १९८९ साली त्या तरुण लष्करी डॉक्टरानं रक्त दिलं नसतं, तर आज ही गोष्ट सांगायला कारणच उरलं नसतं.

चौकी ओलांडणं

चौकी ओलांडण्याचं धाडस १९८० च्या दशकात सुरू झालं. ब्रसेल्सचे गी अलेक्झांडर यांनी १९८२ पासून रक्तगट न जुळणाऱ्या किडन्या बसवल्या. आधी प्लाझ्मा धुऊन प्रतिपिंडं काढायची, औषधं द्यायची, शिवाय प्लीहाही काढून टाकायची. जपाननं हे पुढे नेलं, कारण तिथं मृत दात्यांचे अवयव फार कमी मिळत. १९९७ मध्ये अमेरिकेत रिटुक्सिमॅब हे औषध कर्करोगासाठी मान्य झालं. ते बी-पेशींना नेमकं टिपतं. त्यानंतर स्वीडनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की हे औषध दिलं तर प्लीहा काढायची गरज नाही.

ही सगळी औषधं नेमकं काय करतात, ते मी माझ्या जवानांना सांगितलं असतं तसं सांगतो. प्रतिपिंडं म्हणजे सुटलेल्या गोळ्या. बी-पेशी म्हणजे भरती झालेले रंगरूट. आणि मज्जेत ठाण मांडून बसलेल्या प्लाझ्मा पेशी म्हणजे दारूगोळ्याचा कारखाना. प्लाझ्मा बदलला की रक्तातल्या गोळ्या कमी होतात. पण निम्म्याहून अधिक गोळ्या रक्तवाहिन्यांच्या बाहेर असतात, त्या पुन्हा रक्तात येतात, म्हणून हे चार-पाच वेळा करावं लागतं. रिटुक्सिमॅब रंगरूट संपवतं, म्हणजे नवी कुमक येत नाही. पण जुना कारखाना त्याला दिसत नाही. त्याच्यासाठी बोर्टेझोमिबसारखी औषधं वापरून पाहतात, तीही दर वेळी पुरी पडत नाहीत. शिवाय हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली प्रतिपिंडं, आयव्हीआयजी, शिरेतून देतात. काट्यानं काटा काढावा, तशी ही प्रतिपिंडांनी प्रतिपिंडं शांत करण्याची रीत.

हाच विचार मुलांच्या बाबतीतही पुढे आला. थॅलेसेमियाच्या मुलाला जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. शंभर-दोनशे अनोळखी माणसांशी त्याच्या शरीराची ओळख झालेली असते. अशा मुलाला दुसऱ्याची मज्जा दिली, तर शरीर ती फेकून देण्याचा धोका मोठा. म्हणून बँकॉकच्या रामाधिबोदी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मूळ प्रत्यारोपणाच्या आधीच्या आठवड्यांत फ्लुडॅराबिन आणि डेक्सामेथासोन यांचे दोन हप्ते देऊन प्रतिकारशक्ती आधीच मवाळ करण्याची पद्धत रूढ केली. अर्ध्या जुळणाऱ्या आईबापांची मज्जा त्यामुळे वापरता येऊ लागली. आमच्या बेंगळुरूतही संकल्प आणि इटलीची क्युअर टू चिल्ड्रन या संस्थांनी थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मज्जा प्रत्यारोपणाचं केंद्र उभं केलं.

मग याचा फायदा किती? २०११ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अशी प्रतिपिंडं आवरून प्रत्यारोपण केलेल्या २११ रुग्णांचा हिशेब दिला. आठ वर्षांनी त्यांतले सुमारे ८० टक्के जिवंत होते. त्यांच्यासारखेच पण फक्त डायलिसिसवर राहिलेले सुमारे ३० टक्के. आकडा वाचून मी उठून उभा राहिलो. पण २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या अशाच अभ्यासात दोन्ही बाजूंचं आयुष्य जवळपास सारखं निघालं. म्हणजे जिथं डायलिसिसची काळजी चांगली घेतली जाते, तिथं हा जुगार तेवढा फायद्याचा नाही. मला हा दुसरा आकडा डॉक्टरांनीच दाखवला. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आमची मोहीम

डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले. मृत दात्याच्या यादीत नाव घालून थांबायचं. दुसऱ्या जोडप्याशी किडनीची अदलाबदल करायची, जिला आपल्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनं स्पष्ट परवानगी मिळाली. किंवा प्रतिपिंडं आवरायची. आम्ही यादीत नाव घातलं, अदलाबदलीसाठी सहा महिने वाट पाहिली. जोडी जुळली नाही. पत्नीची प्रतिपिंडं मध्यम पातळीची होती. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करण्यासारखा आहे, खात्री नाही.

निर्णय मी घेणार नव्हतो. तो तिचा होता. ती म्हणाली, "तीस वर्षं तुमच्या बदल्या झाल्या, दर वेळी मी बांधाबांध केली. ही एक बदली माझी."

२०१९ च्या सुरुवातीला रिटुक्सिमॅब दिलं. मग एक दिवसाआड पाच वेळा प्लाझ्मा बदलला, आयव्हीआयजी दिलं. क्रॉसमॅच निगेटिव्ह आला. आयुष्यात पहिल्यांदा निगेटिव्ह हा शब्द ऐकून मी पेढे वाटले. मार्चमध्ये माझी डावी किडनी तिच्याकडे गेली. सहाव्या आठवड्यात प्रतिपिंडं पुन्हा उसळली. आणखी चार वेळा प्लाझ्मा, आणखी औषधं. किडनी वाचली. पुढच्या वर्षी तिला नागीण झाली, तीन महिने वेदना. आणि मग आला कोरोना. जिची फौज आपण मुद्दाम निःशस्त्र केली आहे, तिला घेऊन त्या साथीतून जाणं म्हणजे काय, ते मी विसरणार नाही. दीड वर्ष आमच्या घराचा उंबरठा कोणी ओलांडला नाही. नातवंडं खाली उभी राहून हात हलवायची.

किंमत ही अशी असते. म्हणून माझं सांगणं असं, की या औषधांबद्दल कोणी फक्त यशाची गोष्ट सांगत असेल, तर अर्धीच सांगतो आहे.

शेवटी दोन गोष्टी सांगतो, कारण त्या तुमच्या घरातल्या असू शकतात.

पहिली. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. बायकोला नवऱ्याची किडनी मिळायची वेळ आली, की समाजाचा अडथळा ओलांडल्यावर हा शरीराचा अडथळाही उभा राहतो, तोही तिनं त्याचीच मुलं जन्माला घातली म्हणून. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला, की "नशीबच नाही" म्हणून फाइल बंद करू नका. रस्ते आहेत का, हे विचारा. विचारण्याचा तिला हक्क आहे.

दुसरी. घरात कोणाला कधी रक्त दिलं असेल, तर तारीख आणि कारण लिहून ठेवा. सैन्यात ओळखपत्रावर रक्तगट असतो, तसंच हे. डॉक्टरांना तीस वर्षांनी उपयोगी पडतं.

गेल्या वर्षी आम्ही बेळगावला गेलो होतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जुन्या मंडळींचा मेळावा होता. निपाणीचा तो जवान, आता सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, भेटला. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो जरा ओशाळला. म्हणाला, "साहेब, म्हणजे आमच्या रक्तामुळं वहिनीसाहेबांना त्रास झाला?"

पत्नीनं त्याला थांबवलं. म्हणाली, "दादा, तुमचं रक्त होतं म्हणून मी त्रास व्हायला उरले."

आज तिचं क्रिएटिनिन १.३ आहे. दिवसाला अकरा गोळ्या. सकाळी साडेआठला गजर होतो, तेव्हा मी पाणी नेऊन देतो.

पुढच्या भागात आपण पुन्हा इटलीत जाऊ आणि सांग्रो नदीवर मराठा पलटणीनं काय केलं, ते पाहू.

जय हिंद.